जुनी स्पोर्ट सेडान घेताना रनिंगचा आकडा फसवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत गेल्या आठवड्यात वापरलेल्या स्पोर्ट सेडान (चार दारांच्या, पण जोमदार इंजिनाच्या) गाड्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. गाड्यांची निवड चांगली होती. लेखासोबतच्या तक्त्यात मात्र प्रत्येक गाडीपुढे दोनच गोष्टी ठळक केल्या होत्या: इंजिनाची अश्वशक्ती आणि गाडी जास्तीत जास्त किती किलोमीटर धावलेली असावी याची मर्यादा. ‘ऐंशी हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीकडे फिरकूही नये’ असे लेखकाने ठामपणे बजावले आहे. साध्या कौटुंबिक गाडीच्या बाबतीत हा सल्ला एक वेळ चालून जाईल. स्पोर्ट सेडान घेणाऱ्याला मात्र तो नेमका चुकीच्या गाडीपाशी नेऊन उभा करतो. हे मी स्वतः पोळून शिकलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी घेतलेली पहिली स्पोर्ट सेडान अकरा वर्षांची होती आणि ती अवघी ३१ हजार किलोमीटर धावलेली होती. तो आकडा पाहूनच मी भुललो. गाडीचे नाव देत नाही, कारण दोष गाडीपेक्षा माझ्या निवडीचा अधिक होता. आधीच्या मालकाचा रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरांचा होता, म्हणजे इंजिनातले ऑईल पुरते तापायच्या आतच गाडी बंद होत असे. असे वर्षानुवर्षे घडले की सिलिंडरच्या कडेने खाली झिरपलेले पेट्रोल आणि इंजिनात धरलेली वाफ ऑईलमधून उडून जात नाही. ऑईल पातळ होते, पुढे त्याचा गाळ होतो आणि टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला) वंगण पुरवणाऱ्या बारीक नळीत तो साचतो. ‘गाडी चाललीच कुठे आहे’ म्हणून ऑईल बदलायचेही तीन वर्षे राहून गेले होते. घेतल्यापासून आठ महिन्यांत टर्बो गेला, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन रबरी होज फुटले आणि गास्केटमधून (जोडांमधल्या सीलमधून) ऑईल पाझरू लागले. रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षे मोजते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नव्हते.

जोरात पळवल्याने इंजिन लवकर मरते ही समजूत किती अपुरी आहे, हे मर्सिडीझने १९८३ सालीच दाखवून दिले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी १९० ई २.३-१६ ही आपली नवी सेडान इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर उतरवली. कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिन कंपनीच्या साहाय्याने घडवलेल्या सोळा व्हॉल्व्हच्या त्या २.३ लिटर इंजिनाने ५० हजार किलोमीटरचे अंतर थांबे धरून सुमारे २०२ तासांत कापले. सरासरी वेग ताशी सुमारे २४८ किलोमीटर पडला. ते अंतर माझ्या गाडीने अकरा वर्षांत केलेल्या प्रवासाहून कितीतरी अधिक होते. मात्र तिथे इंजिन एकदा तापले की तापलेलेच राहत होते, आणि झीज सर्वांत जास्त होते ती थंड इंजिन सुरू केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. म्हणून लांब पल्ल्यावर सव्वा लाख किलोमीटर धावलेली, दर सर्व्हिसचे बिल जपून ठेवलेली गाडी आणि गॅरेजमध्ये पांघरूण घालून ठेवलेली तीस हजारांची गाडी यांतून निवड करायची झाली, तर मी आज पहिली उचलीन.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्पोर्ट सेडानमध्ये कारखान्याने इंजिनाकडून बरेच काम काढून घेतलेले असते, त्यामुळे त्या इंजिनाचे कुठले ना कुठले दुखणे हे असायचेच. ‘अमुक ब्रँड भरवशाचा, तमुक नाही’ असे बोलण्यात म्हणूनच अर्थ नाही. एकाच कारखान्याची एकाच पिढीतली दोन इंजिने अगदी भिन्न स्वभावाची निघतात. लेक्ससच्या दुसऱ्या पिढीतील आयएस गाड्या पाहा. आयएस २५० च्या २.५ लिटर व्ही-६ मध्ये इंधन फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपेवरून) पेट्रोल कधी वाहतच नाही आणि त्यांवर कार्बन चढतो. आयएस ३५० च्या ३.५ लिटर इंजिनात त्याच कारखान्याने थेट सिलिंडरमधले आणि इनटेक पोर्टमधले असे दोन्ही इंजेक्टर बसवले, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. अधिक ताकदीचे इंजिनच इथे कमी कटकटीचे ठरले, हे अश्वशक्ती आणि भरवसा यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दोषांचे मी माझ्यापुरते दोन प्रकार करतो: बोलणारे आणि मुके. बोलणारा दोष ठिपकतो, खडखडतो, दिवा पेटवतो, आणि वेळेत लक्ष दिले तर एका सुट्या भागावर निभावतो. मुका दोष एक दिवस अख्खे इंजिन घेऊन जातो. बीएमडब्ल्यूची २००८ ते २०११ या काळातली चार दारांची एम ३ याचे ठळक उदाहरण आहे. तिचे ४.० लिटर व्ही-८ इंजिन मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर ४२० अश्वशक्ती देते. त्यासारखे वाजणारे इंजिन पुन्हा होणे नाही, असे मी अजूनही म्हणतो. पण त्याचे कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग झिजत असताना बहुतेक वेळा बाहेर काहीच जाणवत नाही. जाणते मालक म्हणूनच ते आधीच, खालच्या बाजूने, इंजिन न उतरवता बदलून घेतात, आणि थंड इंजिन कधीही ताणत नाहीत. अशी गाडी पाहायला गेलो तर मी रनिंग विचारणारच नाही; बेअरिंग केव्हा बदलले, कोणी बदलले आणि जुनी बेअरिंगे जपून ठेवली आहेत का, हे विचारीन. जुनी बेअरिंगे पिशवीतून काढून दाखवणारा विक्रेता भेटला तर घासाघीस थोडी कमीच करावी.

ऑडीची २००३ ते २००८ मधली ४.२ लिटर व्ही-८ ची एस ४ हे वेगळे प्रकरण आहे. तिची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनचे प्लास्टिकचे गाईड झिजले की थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते, म्हणजे दोष बोलणारा आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते, आणि सुट्या भागांपेक्षा मजुरीच कंबरडे मोडते. मर्सिडीझच्या सी ६३ एएमजीमधील ६.२ लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत सिलिंडर हेडचे बोल्ट गंजून तुटत आणि कूलंट थेट सिलिंडरमध्ये उतरे; पुढे कारखान्याने बोल्टच बदलले. तेव्हा तिथे गाडीचे वर्ष आणि इंजिन क्रमांक यांना जे महत्त्व आहे ते ओडोमीटरला नाही. सुबारूच्या २.५ लिटर टर्बो एसटीआयमध्ये पिस्टनच्या रिंगांमधला कठडा तडकतो, विशेषतः कोणी बाहेरून ट्यूनिंग करून बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला असेल तर. मित्सुबिशीच्या इव्होचे पहिल्या नऊ आवृत्त्यांमधले बिडाच्या ब्लॉकचे दोन लिटर इंजिन या बाबतीत बरेच दणकट, पण ते दणकट आहे हे ठाऊक असल्यामुळेच प्रत्येक मालकाने त्याच्यावर हात चालवलेला असतो. न छेडलेली इव्हो मिळणे ही आता नशिबाची गोष्ट आहे.

ट्यूनिंगबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही, याचे मला नवल वाटले. टर्बो गाडीची ताकद संगणकातील आकडे बदलून वाढवता येते आणि विकण्याआधी मूळ आकडे परत घालताही येतात. इंजिनाने सोसलेला ताण तसा परत घेता येत नाही. त्यामुळे टर्बोच्या नळ्यांवरचे क्लॅम्प मूळचे आहेत का, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का, एक्झॉस्टचा जोड नव्याने वेल्ड केलेला दिसतो का, हे पाहावे. स्कॅनर लावल्यावर एकही कोड (बिघाडाची नोंद) आला नाही म्हणून लगेच समाधान मानू नये. कोड पुसून टाकले की गाडीचा संगणक स्वतःच घेत असलेल्या चाचण्यांच्या नोंदीही रिकाम्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला बरेच ड्रायव्हिंग लागते. कोड शून्य आणि चाचण्या अपूर्ण, असे चित्र दिसले तर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा कोणी तरी आजच सकाळी कोड पुसले आहेत. विक्रेत्याला कारण विचारावे आणि दोन दिवसांनी पुन्हा यावे.

गिअरबॉक्सच्या बाबतीत ‘आजीवन ऑईल’ हा शब्दप्रयोग ऐकला की सावध व्हावे. पुष्कळ जर्मन सेडानमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीचा असतो, आणि गाडीच्या पुस्तिकेत काहीही म्हटले असले तरी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे झाल्यावर ऑईल बदलावे असे सांगते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एवढी काळजी नाही. तिथे क्लच आणि सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) पाहिले की झाले.

टायर मात्र बारकाईने पाहावेत, कारण ते खोटे बोलत नाहीत. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे आणि जवळपास एकाच तारखेचे असतील, तर मालकाने बाकीच्या गोष्टींवरही खर्च केला असण्याचा संभव असतो. चार टायर चार प्रकारचे असतील तर हिशेब उलटा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या सेडानमध्ये तर कमी-जास्त झिजलेले टायर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (चाकांना ताकद वाटून देणारे भाग) झिजवत राहतात, त्यामुळे तिथली काटकसर पुढच्या मालकाच्या अंगावर येते.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे आणि पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तो गरम लागला तर विक्रेत्याने पहिला आवाज आपल्याला ऐकू द्यायचा नाही असे ठरवले आहे, असे मी तरी धरतो. पुढे निदान पाऊण तास गाडी चालवावी, त्यात खराब रस्ताही असावा. मॅन्युअल असेल तर वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पूर्ण थ्रॉटल द्यावा. क्लच घसरत असेल तर फेऱ्या वाढतील आणि वेग वाढणार नाही. रंग आणि पॅनेल पाहायला कोणीही शिकवील.

अश्वशक्तीच्या रकान्याबद्दल एकच सांगतो. शून्य ते शंभरचे जे सेकंद आपण छापले, ते गाडी नवी असतानाचे आहेत. दहा वर्षांनंतर सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे) सैल झालेले, शॉक ॲब्सॉर्बर थकलेले आणि ब्रेक फ्लुइडने पाणी ओढलेले असेल, तर ४०० अश्वशक्तीची सेडान वळणावर २५० अश्वशक्तीच्या नीट राखलेल्या सेडानच्या मागे पडते. म्हणून बजेट ठरलेले असेल तर सर्वांत वरच्या मॉडेलच्या एक पायरी खालचे मॉडेल घ्यावे आणि उरलेल्या पैशांतून सस्पेन्शन नवे करावे. २०१५ नंतरची बीएमडब्ल्यू ३४० आय या दृष्टीने मला फार पटते. तिच्या तीन लिटर सरळ सहा सिलिंडर इंजिनाची ३२६ अश्वशक्ती रोजच्या वापराला पुरून उरते आणि त्या इंजिनाने नावही चांगले कमावले आहे. ज्यांना वरचेच मॉडेल हवे, त्यांनी लेक्ससची पाच लिटर व्ही-८ ची आयएस एफ पाहावी. व्ही-८ च्या मधल्या खोबणीत कूलंट झिरपणे हे तिचे एक माहितीतले दुखणे आहे, पण ते बोलणारे आहे. हा सल्ला देणारा मी स्वतः सध्या ४२० अश्वशक्तीच्या एम ३ ची बिले चाळत बसलो आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

आपणास विनंती एवढीच की, असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा किलोमीटरच्या मर्यादेचा रकाना काढून त्याच्या जागी तीन रकाने द्यावेत: इंजिनाचे मुख्य दुखणे, ते बोलणारे की मुके, आणि विक्रेत्याकडे कोणते बिल मागावे. उदाहरणार्थ, एस ४ व्ही-८ च्या ओळीत ‘चेनचे गाईड, बोलणारे, इंजिन उतरवून गाईड बदलल्याचे बिल’ एवढे शब्द पुरेत. बाकीच्या ओळी भरायला मी आनंदाने मदत करीन.

आपला,
एक नियमित वाचक