‘किरकोळ जखमी’ लिहिण्याआधी बोटे हलवून पाहिली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाटली फोडून हल्ला, एक जण किरकोळ जखमी, असा मजकूर मुंबईच्या पानांवर नेहमी वाचायला मिळतो. त्यातल्या ‘किरकोळ’ला आमची हरकत आहे. काचेची जखम वरून दीड-दोन सेंटिमीटरची दिसते, रक्तही लवकर थांबते; पण टोक आत कुठवर गेले हे कातडीवरून कळत नाही. वार चुकवायला माणूस हात आडवा धरतो. त्यामुळे काच बऱ्याचदा मनगटावर, तळव्यावर किंवा कोपराखाली लागते. नेमक्या त्याच जागी बोटे ओढणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मज्जातंतू आणि धमन्या एकमेकींना खेटून असतात.

जागेवर करायचे ते थोडेच आहे, पण नेटाने करायला हवे. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबावी आणि घड्याळ लावून 10 मिनिटे सोडू नये. ‘थांबले का बघू’ म्हणत कापड उचलले की नुकती धरलेली गुठळी निघून येते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. काच रुतून बसली असेल तर ओढू नये. फाटलेली रक्तवाहिनी कदाचित तिनेच बुजवून धरलेली असते. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही अशी पट्टी बांधावी. हळद, चुना, कॉफीची पूड काहीही भरू नये. मान, छाती, पोट किंवा डोळ्याला लागले असेल तर थेट 108. डोळ्यावर दाब मुळीच नको, वर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावावी.

खरी चूक पुढे दवाखान्यात होते. आल्या आल्या भूल, तीन टाके, वर पट्टी. एकदा भूल दिली की बोटाला संवेदना आहे की नाही हे तपासताच येत नाही. म्हणून आधी तर्जनीचे टोक, करंगळीचे टोक आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्याची मागची बाजू, या तीन ठिकाणी स्पर्श कळतो का ते विचारावे. मग एकेक बोट. मधले पेर धरून फक्त टोकाचे पेर वाकवायला सांगावे. नंतर इतर बोटे सरळ दाबून धरून तेवढेच बोट वाकवायला लावावे. या दोन्ही हालचालींच्या टेंडन वेगळ्या आहेत, एक शाबूत असली म्हणून दुसरीही आहे असे नाही. अर्धी कापलेली टेंडन बोट वाकवते, फक्त विरोध केला की दुखते, आणि पुढे एखादे दिवशी बादली उचलताना पूर्ण तुटते. मूठ वळलेली असताना वार बसला असेल, तर हात उघडल्यावर टेंडनवरचा काप जखमेखालून बोटाकडे सरकलेला असतो. सरळ हाताच्या जखमेत डोकावून ‘सगळे ठीक’ म्हणणे फसवे ठरते ते त्यामुळे.

‘काच एक्स-रेमध्ये दिसत नाही’ हा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. तो चुकीचा आहे. 2 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा तुकडा बहुतेक वेळा दिसतो. मात्र एक्स-रे दोन दिशांनी काढायला हवा. धुण्यातही कंजुषी नको: 20 मिलीची सिरिंज, 18 नंबरचा कॅन्युला (बारीक नळी) आणि जखमेच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे 50 ते 100 मिली सलाईन. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नये, त्याने चांगल्या पेशीही मरतात. धनुर्वाताची लस आहेच. पण लहानपणचे डोस पुरे झालेले नसतील किंवा आठवत नसतील, तर दूषित जखमेत धनुर्वातविरोधी इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, 250 युनिटही लागतात. एकाच बाटलीने दोघांना इजा झाली असेल तर एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा विचार 72 तासांच्या आत व्हावा, आणि तोही जितका लवकर तितका बरा.

शंका आली तर जखम धुऊन, ओली पट्टी व स्प्लिंट (हात हलू न देणारा आधार) लावून, चिठ्ठीसह पुढे पाठवावे. केईएम, शीव, नायर, जे. जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. स्वच्छ जखमेतली टेंडन काही दिवसांनीही शिवता येते; महिन्याभराने मात्र ती आखडून तळव्यात किंवा मनगटात मागे गेलेली असते. मज्जातंतू शिवल्यावर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने. हातावर पोट असलेल्या माणसाने निदानातच आणखी दोन महिने का घालवावेत?

आता कागदाविषयी. कोणत्याही जखमेला ‘सीएलडब्ल्यू’, म्हणजे बोथट वस्तूने फाटलेली जखम, लिहून मोकळे होण्याची सवय घातक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 मध्ये कापणाऱ्या हत्याराचा वेगळा उल्लेख आहे. कडा स्वच्छ कापलेल्या असताना ‘सीएलडब्ल्यू’ लिहिले, तर बाटली वापरलीच नाही असे म्हणायला बचाव पक्ष मोकळा. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, कडा कशा, कोणती बोटे चालत नाहीत, हे सगळे लिहावे. बाहेर काढलेला तुकडा टाकून न देता वाळवून, सीलबंद डबीत, नाव-तारखेसह पोलिसांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. रक्ताचे कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ते कुजतात.

‘आधी पोलिसांकडे जाऊन या’ असे कोणी सांगितले तर सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा परमानंद कटारा निकाल दाखवावा: आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर. हे बंधन खासगी डॉक्टरांवरही आहे.

महापालिकेच्या आरोग्य खात्याला विनंती एवढीच, की हाताच्या जखमेच्या एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीच्या, कागदावर पाचही बोटांची हालचाल आणि संवेदना नोंदवण्याचा रकाना छापून घ्यावा. आणि त्या रकान्यावर वेळ घालायची जागा असावी, भूल देण्याआधीची.

– अपघात विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका, मुंबई