मनगट मोडले असता शेजारची जखम लहान समजू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात भाताची रोपलावण चालू असताना माझा पुतण्या बांधावरून घसरून तळहातावर पडला. मनगट वाकडे झालेले दिसत होते आणि करंगळीच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याशेजारी, तुरीच्या डाळीएवढी जखम होती. तिच्यातून झिरपणाऱ्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगावेत तसे काहीतरी चमकत होते. पण जखमच एवढीशी, म्हणून ते कोणी मनावर घेतले नाही. मीही घेतले नाही. हाडवैद्याने जखमेत हळद दाबली आणि वरून बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. तिसऱ्या दिवशी बोटे टम्म सुजली आणि पट्टीखालून वास येऊ लागला, तेव्हा त्याला बेळगावला नेले. तेथे दोनदा शस्त्रक्रिया करून जखम आतून धुवावी लागली, सडलेले मांस काढावे लागले आणि बाहेरून सळ्या लावून हाड धरून ठेवावे लागले. हात वाचला, पण मूठ अजून पुरती वळत नाही.

ते तेल म्हणजे हाडातील मगजाची चरबी, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. पडताना मोडक्या हाडाचे टोक आतून कातडी फोडून बाहेर येते, चिखल-शेणखताला लागते आणि ती घाण घेऊन पुन्हा आत जाते. कातडीवर उरते ते फक्त एक भोक. डॉक्टर ज्याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. गस्टिलो आणि अँडरसन या हाडांच्या शल्यविशारदांनी १९७६ साली केलेल्या उघड्या हाडमोडींच्या वर्गीकरणानुसार एक सेंटिमीटरहून लहान, स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात येते; शेतमातीने माखलेली जखम मात्र आकाराने कितीही लहान असली तरी तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या प्रकारात धरली जाते. आमच्या भागातील अशा बहुतेक जखमा शेतातल्याच असतात, हे वेगळे सांगायला नको.

अशा जखमेत सर्वांत निकडीचे काय, तर शिरेतून दिले जाणारे प्रतिजैविक, तेही शक्यतो तासाभरात. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या, अकराशेहून अधिक उघड्या हाडमोडींच्या अभ्यासात तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण ४.७ टक्के, तर त्यानंतर मिळालेल्यांमध्ये ७.४ टक्के आढळले होते. सहा तासांत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, हा जुना दंडक आता सैल झाला असून बहुतेक जखमा २४ तासांच्या आत साफ केल्या तरी चालते. मात्र माती-शेणाने भरलेल्या जखमेला तेवढी सवड नसते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून त्याचे इंजेक्शनही हवेच, आणि पूर्वीची लस अपुरी असेल तर तयार प्रतिपिंडेही, म्हणजे धनुर्वाताचे विष निकामी करणारी द्रव्येही, द्यावी लागतात.

घरच्यांनी करायचे ते थोडेच आहे. वर दिसणारा चिखल स्वच्छ पाण्याने वाहू द्यावा, धुतलेल्या फडक्याने जखम झाकावी, सूज चढण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, हात ओढून सरळ न करता पुठ्ठ्याच्या आधाराने आहे तसा धरून ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हळद, चहापूड, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना तेच आधी खरवडून काढावे लागते. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने रुग्णाला खायलाही देऊ नये. आमच्याकडे चक्कर येईल म्हणून आधी चहा-बिस्किटे पुढे केली जातात.

खेड्यातून बेळगावला पोहोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. म्हणून आरोग्य खात्याला आपल्या पत्रातून एवढीच विनंती आहे की, अशा रुग्णाला केवळ ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी देऊन न पाठवता, प्रतिजैविकाची पहिली मात्रा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यावे आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. चिठ्ठी कानडीत असो वा इंग्रजीत, घड्याळाचा आकडा आम्हालाही वाचता येतो.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका