खोबरेल तेल, घाई आणि एचआयव्ही

मा. संपादक,

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की जिल्ह्यात फेरी निघते, पथनाट्य होतं, भिंतीवर 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' रंगवलं जातं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. या पुरुषांत ते ३ टक्क्यांच्या वर. गुदद्वाराचं आतलं अस्तर पातळ असतं, पटकन खरचटतं, हे त्याचं शारीरिक कारण. बाकीचं आपल्या रीतीभातीत आहे.

'बाहेरचा नाद' म्हणजे बाईच, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की दोन पुरुषांमधला संबंध हा संबंध धरलाच जात नाही, ती 'मस्ती'. तपासणी केंद्रात 'बायकांकडे जाता का?' असं विचारलं की माणूस खरं तेच सांगतो, 'नाही.' आणि त्याच्या उपयोगाचा सल्ला तिथेच राहतो. 'स्त्री, पुरुष की दोन्ही?' असं विचारा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारा.

दुसरी गोष्ट आडोशाची. गणपतीत, शिमग्यात चाकरमानी आले की घरं माणसांनी भरतात. भेट होते ती सुरूच्या बनात नाहीतर ओढून ठेवलेल्या होडीआड, पाच-दहा मिनिटांत, कान पावलांकडे ठेवून. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले खरे, पण बॅटरीच्या झोताची धास्ती काही गेली नाही. या घाईत कंडोम राहून जातो. असलाच, तर सोबत वंगण म्हणून घरातलं खोबरेल! तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं नि कंडोम फाटतो; व्हॅसलीन, क्रीमचंही तेच. थुंकी लगेच सुकते. पाण्यात विरघळणारं जेलच वापरावं. एकावर एक दोन कंडोम चढवले तर घासून फाटतात. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तापलेलं पाकीट सरळ फेकून द्यावं.

विकत घ्यायचा तर मेडिकलवाला भावकीतला. फुकटच्या कंडोमचा डबा समुपदेशकाच्या टेबलावर, सगळ्यांच्या नजरेसमोर. तो एसटी स्टँडच्या आणि मासळी बंदरावरच्या मुतारीत लावा, शेजारी जेलच्या पुड्याही ठेवा.

'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला तर सर्वांत महागात पडतो. गरोदरपणातल्या तपासणीत आधी सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि बोल तिलाच लागतो. नवऱ्याची तपासणी मागाहून, तीही झाली तर.

कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावा. धोका घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायची पीईपीची गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. ती २८ दिवस चुकवायची नाही. वरचेवर धोका असणाऱ्याने आधीच घ्यायच्या प्रेप गोळीबद्दल विचारावं. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. धोका घडल्यावर आठवड्याभरात केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये, तीन महिन्यांनी पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आली तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सरकारी केंद्रात मोफत आहेत, आणि रक्तातला विषाणू मोजणीत येईनासा झाला की संबंधातून लागण होत नाही.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई आहे. चौकशीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक. ओरोसला, आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, कुणी ओळखीचं भेटेल असं वाटत असेल, तर रत्नागिरीला जाऊन तपासणी केली तरी चालते.

– एक आरोग्य समुपदेशक, सिंधुदुर्ग