तात्या, तुमच्या बेणेमळ्यातल्या तासाबद्दल

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

दहावीच्या मुलांना तुम्ही ऐन ऊस लागणीच्या घाईत बेणेमळ्यात, म्हणजे लावायचा ऊस वाढवता त्या मळ्यात, घेतलंत, त्याबद्दल हे जाहीर पत्र. फोनवर बोलले असते तर "बाई, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही उसाच्या दरावर गेला असता.

शाकीय प्रजनन, म्हणजे बीशिवाय खोड-पानापासून नवं रोप, शिकवताना वर्गात बटाट्याचा डोळा आणि पानफुटीचं पान दाखवून भागतं. व्याख्या पाठ होते, मार्कही मिळतात. आपल्या पोरांनी लागण तर जन्मापासून पाहिलेली. पण घरच्या सरीत चालतं तेच पेपरात विचारतात, हे काही त्यांच्या डोक्यात येत नाही. तुम्ही हातात टिपरी, म्हणजे लावायचे उसाचे तुकडे, दिलीत आणि पेराभोवतीचे बारीक ठिपके दाखवलेत. पहिल्या मुळ्या तिथूनच फुटतात. पाचटही कोयत्यानं नाही, हातानं सोलायला लावलंत, डोळा दुखावू नये म्हणून.

एकानं विचारलं, "तोडायचा कशाला? अख्खा ऊसच पुरू की!" तुम्ही हसण्यावारी नेलं नाही. बांधाकडच्या सरीत एक अख्खा ऊस पुरायला लावलात. शेंड्याकडचे डोळे तरारून आले, बुडाकडचे दबून राहिले. मग शेंड्यात तयार होऊन खालचे डोळे दाबून ठेवणारं संप्रेरक, ऑक्सिन, फळ्यावर लिहिलं, तेव्हा कुणाला पाठ करावं लागलं नाही.

पण खरं काम केलं ते तुमच्या 86032 या उसाच्या जातीनं. कोइमतूरला संकरातून निघालेला आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रामार्फत 1996 साली आपल्याकडं आलेला हा ऊस. संकरापुरता तुरा, म्हणजे उसाचा फुलोरा, लागला, बी लागलं. पुढं निवडलेल्या एका रोपाचीच खोडं तोडत, लावत सगळे फड भरले. "म्हणजे तुमचा नि आमचा ऊस एकच?" असं एका मुलीनं विचारलं. "एकच की. म्हणून तर रोगबी एकच," तुम्ही म्हणालात, आणि गवताळ वाढ या रोगाचं एक बेट उपटून दाखवलंत. बारीक, पांढुरकी, गवतासारखी पानं. रोगट बेण्याची टिपरी जाईल तिथं रोग जातो, म्हणून बेण्याला उष्ण प्रक्रिया करायची आणि खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं, बेणं घ्यायचं नाही, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. अलैंगिक प्रजननात विविधता येत नाही, या ओळीखाली मुलं दरवर्षी पेन्सिलीनं रेघ मारतात. यंदा त्यांनी तिच्यावर वाद घातला. एकाचं म्हणणं, मग तुरा येणारा ऊस वाईट कसा? शेतकऱ्याला नको, पण नवी जात काढणाऱ्याला हवाच ना! याचे मार्क मिळत नाहीत, पण मी मनातल्या मनात दिले.

मुलांनी तुडवलेल्या सरीबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. काकूंनी सगळ्यांना चहा पाजला, त्यांनाही नमस्कार सांगा.

आता एक मागणं. अडसालीची, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण जुलैत धरणार असाल तर आधी कळवा. नवी तुकडी घेऊन येते. या वेळी एक-डोळा रोपांचे, म्हणजे एकेका डोळ्याच्या तुकड्यापासून करायच्या रोपांचे, ट्रे मुलांकडूनच भरून घ्या, म्हणजे तुमचंही थोडं काम हलकं होईल.

आपली,
विज्ञानाच्या बाई