गाणे पाहायचे तर मोठ्या पडद्यावर

महोदय,

जुन्या हिंदी चित्रपटांची गाणी आपल्याला पाठ आहेत, असे मी आजवर समजत होते. विविध भारतीवर ती ऐकत मी लहानाची मोठी झाले, पुढे दूरदर्शनच्या ‘छायागीत’मध्ये ती पाहिली आणि आता मनात येईल तेव्हा मोबाइलवर लावते. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये देशातील ४० शहरांत त्यांचे १० चित्रपट १०० रुपये तिकिटात दाखवण्यात आले. त्यातला ‘आवारा’ (१९५१) मी आईला घेऊन पाहिला आणि ती गाणी मी केवळ ऐकली होती, पाहिलेली नव्हतीच, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळून चुकले.

या चित्रपटातील सुमारे नऊ मिनिटांचे स्वप्नदृश्य प्रसिद्ध आहे. त्याच्या चित्रीकरणाला तीन महिने लागले होते, हेही मी वाचलेले होते. पण एवढा वेळ नेमका कशावर खर्च झाला असेल, ते मोबाइलच्या काचेवर कधीच उमगले नव्हते. तिथे धूर नुसता पांढरा दिसतो आणि त्यातून वर जाणाऱ्या जिन्यावरची नर्गिस तांदळाच्या दाण्याएवढी होते. चित्रगृहात तोच धूर पायऱ्यांवरून ओघळत अंगावर येतो, आणि तो जिना किती उंच आहे हे पाहण्यासाठी आपल्याला खरोखरच मान वर करावी लागते. कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर हे मुळात चित्रकार होते. माणूस लहान आणि भोवतालचे विश्व अफाट, हे त्यांनी साधलेले प्रमाण पडदा मोठा असेल तरच टिकते, एरवी सगळेच सारखे लहान होऊन जाते. त्याच दृश्यातील ‘घर आया मेरा परदेसी’ या गाण्यात लाला गंगावणे यांची ढोलकी आहे. आपल्या फडाच्या ढोलकीशी सख्खे नाते सांगणारा तो ठेका पडद्यामागून आला, तेव्हा तो कानांच्या आधी छातीला जाणवला. आमच्या पुढच्या रांगेतील कॉलेजची मुले तोपर्यंत आपसात कुजबुजत होती, ती या ठेक्यावर एकदम गप्प झाली.

आईचे वय ८२ आहे. तिने हा चित्रपट लग्नाआधी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता, पण बायकांची बैठक पडद्याच्या मागल्या अंगाला असल्यामुळे तिला तो उजव्याचा डावा होऊन दिसला. नावांची अक्षरे उलटी, भांग भलत्याच बाजूला. मध्यंतरात ती मला म्हणाली, “बाई, सुलट आज बघितला.” मोठ्या पडद्याची ओढ म्हणजे काय, हे मला तिच्या या एका वाक्याने जितके कळले तितके कोणत्याही लेखाने कळले नव्हते.

हे केवळ एका चित्रपटापुरते नाही. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) बहुतांशी कृष्णधवल होता आणि शीशमहलातले गाणे मात्र रंगीत. अंधारात दोन तास करड्या छटांना सरावलेल्या डोळ्यांसमोर ते रंग अचानक उघडत असत. २००४ मध्ये संपूर्ण चित्रपट रंगवून प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीपासूनच सगळे रंगीत झाले आणि त्या गाण्याचा हा धक्काच नाहीसा झाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचा पडदा उंचीच्या दुपटीहूनही अधिक रुंद. त्यातल्या ‘वक्त ने किया क्या हसीं सितम’ या गाण्यात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत सोडलेला तो उजेडाचा झोत आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा काळोख हेच त्या गाण्याचे सगळे दुःख आहे. पूर्वी दूरचित्रवाणीवर असे रुंद चित्रपट कडा छाटून दाखवले जात. काळोखच छाटला, तर उरले काय?

एका गोष्टीची खंत मात्र नोंदवते. आम्ही गेलो त्या चित्रगृहाबाहेर या खेळाचे साधे पोस्टरही नव्हते. खेळ सकाळी साडेअकराचा होता, त्यामुळे नोकरदार माणसाला रजा काढल्याशिवाय येणे अशक्य. तरीही निम्म्याहून अधिक खुर्च्या भरल्या होत्या. तीन दिवसांत महोत्सव आटोपला.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हा ठेवा जतन करीत आहे आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या नव्याने स्वच्छ केलेल्या प्रती आज उपलब्ध आहेत. चित्रगृहचालकांनी शताब्दीची वाट न पाहता महिन्यातून एक ठरलेला रविवार या संगीतप्रधान चित्रपटांना द्यावा, जिल्ह्याच्या गावीही द्यावा. खेळ सायंकाळी असावा, त्याची जाहिरात आठवडाभर आधी आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून यावी आणि वेळ वाचवण्यासाठी एकाही गाण्याला कात्री लागू नये, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक