पेडल तीक्ष्ण झाले म्हणजे टॉर्क वाढला नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील इंजिन ट्यूनिंगवरच्या लेखात थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) प्रतिसाद तीक्ष्ण करणे आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) वाढवणे ही दोन्ही कामे एकच धरली आहेत. खर्च करणाऱ्या वाचकाची यात दिशाभूल होऊ शकते, म्हणून हे पत्र.

जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरचे पेडल केबलने थेट थ्रॉटलच्या झडपेला जोडलेले असे. आताच्या बहुतेक गाड्यांत पेडल केवळ मागणी नोंदवते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, त्या मागणीचे टॉर्कमध्ये रूपांतर करतो आणि मग हवा किती घ्यायची, इंधन किती सोडायचे व ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवतो. पेडल मॅप, म्हणजे पेडल किती दाबले की किती टॉर्क मागायचा याचा ईसीयूतील तक्ता, बदलला की पेडल थोडे दाबताच पूर्वीपेक्षा जास्त टॉर्क मागितला जातो आणि गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. मात्र मिनिटाला ३००० फेऱ्यांना २०० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ६३ किलोवॅट, देणारे इंजिन पेडल पूर्ण दाबल्यावर त्या फेऱ्यांना तेवढेच देणार. शिवाय कमी फेऱ्यांवर झडप अर्धवट उघडली तरी इंजिनाला पेलेल इतकी हवा बहुधा आत आलेली असते, त्यामुळे झडप अधिक लवकर उघडण्याने हाती फारसे लागत नाही. उलट गर्दीत सावकाश गाडी चालवताना पेडलवरचा नाजूक ताबा जातो. हा बदल वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, पण तो ताकदवाढ म्हणून विकला जाऊ नये.

टॉर्कच्या मर्यादांचा विषय याहून गंभीर आहे. क्लच, गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंतचे शाफ्ट किती सोसू शकतात हे पाहून निर्माता ईसीयूत मर्यादा घालतो, आणि त्या बहुधा गिअरनुसार वेगळ्या असतात. टर्बो इंजिनात बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवून खरोखरच टॉर्क वाढवता येतो. परंतु तसे करताना ईसीयूमधील टॉर्कचे गणितही त्या प्रमाणात दुरुस्त करावे लागते. काही जण हे कष्ट टाळतात आणि प्रत्यक्षात ३५० न्यूटन-मीटर निघत असताना ईसीयूच्या हिशेबात ३०० च दिसतील अशी आकड्यांची लपवाछपवी करतात, जेणेकरून कुठलीच मर्यादा आड येऊ नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपल्या क्लचवरील तेलाचा दाब याच हिशेबावरून ठरवतो. आकडा खोटा असला की दाब अपुरा पडतो, क्लच घसरतात, तापतात, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो! गिअर बदलताना ठिणगी क्षणभर उशिरा पाडून टॉर्क उतरवला जातो, तो अंदाजही मग चुकतो व झटके बसू लागतात.

पेडलच्या मागणीपेक्षा जास्त टॉर्क निघतो आहे असे दिसताच इंधन किंवा थ्रॉटल आवरून गाडीला लिंप मोडमध्ये (ताकद मर्यादित ठेवणाऱ्या सुरक्षित अवस्थेत) नेणारी देखरेख ईसीयूत असते. ट्यूनिंगनंतर ती वारंवार मध्ये येत असेल तर मॅपमधील विसंगती शोधायला हवी. देखरेखीचा उंबरठाच वाढवून ठेवणे किंवा ती बंद करणे माझ्या मते अक्षम्य आहे, कारण पेडल सोडल्यावरही थ्रॉटल उघडाच राहिला तर गाडी आवरणाऱ्या यंत्रणांपैकी एक आपण आपल्या हाताने काढून टाकलेली असते.

म्हणून वाचकांनी ट्यूनरकडे केवळ कमाल अश्वशक्तीचा आकडा मागू नये. एकाच डायनोवर (टॉर्क मोजण्याच्या यंत्रावर), त्याच गिअरमध्ये, हवेचे व इंजिनाचे तापमान शक्य तितके सारखे ठेवून घेतलेले बदलापूर्वीचे आणि बदलानंतरचे पूर्ण टॉर्क-आलेख मागावेत. त्यांच्यासोबत हवा-इंधन मिश्रणाची नोंद हवी, पेट्रोल इंजिन असल्यास नॉकिंगमुळे (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) ईसीयूने ठिणगी किती मागे घेतली ते हवे, आणि ईसीयूने मोजलेला टॉर्क डायनोशी कितपत जुळतो हेही विचारावे, अर्थात डायनो चाकांवर मोजत असेल तर वाटेतील घट धरून. पेडल मॅपचा परिणाम या आलेखांत पूर्ण दाबलेल्या पेडलला दिसणार नाही. मूळ मॅप जपून ठेवला असेल, तर तो बदल न पटल्यास परत फिरवणे सोपे असते.

आपला,
एक नियमित वाचक