बेल्टमधला गाळ

नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)
११ जानेवारी २०२६

प्रिय सुध्या,

नानांच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही. त्यानंतर फोनही केला नाही. चुकलंच. काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी हे पत्र पुरतं वाच. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि वहिनी ओट्यापाशी उभं राहून सगळं ऐकतात.

आईचे गुडघे तसेच आहेत. माझी शुगर ताब्यात आहे. सई उंच झालीय. झालं.

आम्ही गाडी घेतोय. दोन-तीन वर्षं वापरलेली. नव्या बिल्डिंगमध्ये आपल्या वाट्याला पार्किंग आलंय आणि वर्षभर त्यात शेजारच्यांच्या सायकली पडून आहेत. आईला फिजिओसाठी चेंबूरला न्यायचं तर रिक्षावाले जवळचं भाडं म्हणून मान फिरवतात. तिला धरून नाक्यावर उभं राहायचं आणि चार जणांचा नकार ऐकायचा, हे मला आता बघवत नाही. एफडी मोडून पाच लाख बाजूला काढलेत. त्यातच गाडी, ट्रान्सफर, विमा सगळं बसवायचं.

तू लगेच म्हणशील, कर्ज काढ आणि नवी घे. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, वरचा सेसही गेला, मग दुसऱ्याची उतरलेली कशाला, असं. मी तो हिशेब चार रात्री मांडलाय. शोरूमची किंमत पाच लाखांच्या आत दिसते ती सगळ्यात खालच्या मॉडेलची. तिच्यावर आपल्या राज्याचा ११ टक्के एकरकमी कर, विमा, नोंदणी. जुन्या गाडीचा तो कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. विम्याच्या कोष्टकात दोन वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी कमी धरतात. ती घट दुसऱ्याने सोसलेली, आपल्याला चांगलं मॉडेल मिळतं. फक्त एक जपावं लागतं. मालक २०२३ चं बिल काढून त्यातून वजाबाकी सुरू करतात. मी म्हणतो, आजच्या नव्या किमतीतून वजा करा. या एका वाक्यावर तिघांनी माझ्याशी बोलणं संपवलं.

पार्किंग पाळण्याचं आहे, एकावर एक दोन गाड्या, आपला खण खालचा. मी टेप लावून उंची मोजली, १६०० मिलिमीटर. वॅगनआर १६७५ ची. आईला चढा-उतरायला तीच सोयीची होती, पण गेली यादीतून. उरल्या टियागो, स्विफ्ट, नियोस. तीन आठवडे रविवार-रविवार फिरतोय. एक घाटकोपरची बघितली, दोन एअरबॅग, चकाचक, पण आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच. मालक म्हणाला टोकन द्या, मग एनओसी आणतो. मी म्हटलं एनओसी आणा, मग टोकन देतो. एकीवर नऊ ई-चलानं थकलेली. तिसरीचं मीटर अठरा हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत. गॅरेजवाल्या रफीकचाचाने पेडलवर नुसता अंगठा फिरवला आणि मला म्हणाला, चल, चहा पिऊ. चाचा ठणठणीत आहे, तुझी चौकशी करतो, आणि तू गाडी रिव्हर्स घेताना अजून जीभ बाहेर काढतोस का हेही विचारतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मागच्या रविवारी किंग्ज सर्कलच्या बाजूच्या एका सोसायटीत पांढरी टियागो बघायला गेलो. ऑक्टोबर २०२३ ची, पहिला मालक, सतरा हजार किलोमीटर, मागणी चार लाख साठ हजार. मालक पन्नाशीचे, बोलायला गोड, बंगळुरूला बदली झाली म्हणाले. आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. टायर बघितले, चारही २३ सालचे. काचांवरचं सालही एकच. बॉनेटच्या आतले बोल्ट कोणी पान्याने फिरवलेले नाहीत. सुध्या, माझ्या मनात आई पुढच्या सीटवर बसलेली होती.

मग विम्याचा कागद मागितला. ऑक्टोबरमध्ये नूतनीकरण झालेलं. दोन वर्षं क्लेम नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २५ टक्के लागायला हवा. कागदावर शून्य. मी विचारलं. ते म्हणाले, एकदा रिक्षाने मागून ठोकलं होतं, बंपर बदलला. मागे जाऊन बघितलं तर बंपर कारखान्यातून आला तसाच. सर्व्हिसचा इतिहास दाखवा म्हटलं, तर ऑगस्टच्या शेवटापासून सहा आठवडे गाडी वर्कशॉपमध्ये. बंपरला सहा आठवडे?

त्यांचा मुलगा गाडीपाशी फडकं घेऊन उभा होता. वीस वर्षांचा असेल. गाडीत दोन-दोन सुगंधी डब्या लावलेल्या. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि बेल्ट ओढला. छातीपर्यंत येतो तेवढाच सगळे ओढतात. मी ओढत राहिलो. तो मुलगा खाली बघायला लागला. बेल्ट संपत आला आणि शेवटच्या वितीत ती मातकट रेघ निघाली. नखाने खरवडली तर बारीक गाळ.

ती शेवटची वीत तपासायची असते हे मला चाचाने शिकवलेलं नाही. ते कुठून शिकलो, हे जगात फक्त तुला माहीत आहे.

सव्वीस जुलैनंतरची ती दुपार. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला म्हणून पेपरात आलं होतं, आणि आपल्या गल्लीत नानांची मारुती छपरापर्यंत. नाना लेप्टोच्या तापाने हॉस्पिटलात. पहिल्यांदा पाऊस उघडला त्या दिवशी आपण सीटा काढून कठड्यावर वाळत टाकल्या. तू निरमाची बादली धरलीस, मी बेल्ट ताणून धरला. कितीदा पाणी बदललं, शेवटच्या वितीतला डाग जाईना. तेव्हा तू म्हणालास, “सोड रे, इतका कोण ओढतो?”

इतका मी ओढला, सुध्या. वीस वर्षांनी, दुसऱ्याच्या गाडीत.

डोंबिवलीचे ते मास्तर आठवतात? छत्री, पिशवी, बायको आणि ती छोटी मुलगी. त्यांनी तिला मागच्या सीटवर बसवून बघितलं होतं. त्यांनी तुला नाही, मला विचारलं, “पाणी कुठवर आलं होतं?” मी वाकून चाकाच्या रिंगवर हात ठेवला, म्हटलं, इथवर. अडतीस हजार त्यांनी दोनदा मोजून दिले. खरं सांगितलं असतं तर पंधरा आले असते. सकाळीच नानांनी कॉटवरून बजावलं होतं, “गिऱ्हाइकाला पाण्यातली आहे हे सांगा बरं का.” आपण दोघांनी मान डोलावली होती.

दिवाळीच्या आधी मास्तरांचा फोन आला आणि तू राँग नंबर म्हणून ठेवलास. त्यावरून आपलं वाजलं. मी म्हणत होतो थोडे तरी परत करू. तू म्हणालास, “नानांचं बिल काय तुझा हरिश्चंद्र भरणार?” चार महिने बोललो नाही आपण. ताईच्या लग्नात श्रीखंडाचं पातेलं दोघांनी उचलावं लागलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. मी तुझ्यावर ढकलत नाही. बिल खरंच होतं, नाना खरंच जाता जाता राहिले होते. आणि रिंगवर हात मी ठेवला होता, तू नाही.

पण तुला कधीच न सांगितलेली एक गोष्ट आहे. नाना बरे झाल्यावर एकदा संध्याकाळी कठड्यावर बसले होते. मला म्हणाले, “मास्तर भला माणूस. पाण्यातली गाडी म्हणून कळल्यावरही घासाघीस केली नाही.” मी हो म्हटलं. ते गेले तोवर त्यांना तसंच वाटत होतं. त्यांच्या फोटोला हार घालायला मला यायचं होतं, बॅगही भरली होती. नाही जमलं. सईच्या परीक्षेचं कारण वैशूने सांगितलं, ती बिचारी माझ्यासाठी बोलली.

त्या सोसायटीत मला त्या मुलाचा राग आला नाही. येईल कसा? एकोणीस ऑगस्टला गांधी मार्केटजवळ पाणी साचलं तेव्हा गाडी खालीच राहिली असणार. बेल्ट त्यानेच धुतला असणार, फडकं धरायची पद्धतच सांगत होती. मी त्याला एवढंच म्हटलं, “बाळा, पुढच्यांना सांगून टाक.” त्यावर वडील एकदम बदलले. तुम्हाला नको तर राहू द्या, दुसरी पार्टी वाटेवर आहे, म्हणाले. गेटपाशी ती पार्टी भेटलीच. नवरा-बायको, बाई पोटुशी. मी थांबवलं आणि म्हटलं, “बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आणि विम्यात बोनस शून्य का आहे ते विचारा.” वरून मालक ओरडत होते. मी पूल ओलांडून स्टेशनवर आलो आणि बाकावर बसून राहिलो. तीन गाड्या सोडल्या.

पाण्यातून निघालेली गाडी पहिले काही महिने चांगली चालते, हे आपल्यालाही तेव्हा माहीत नव्हतं. चाचा सांगतो, वायरिंगच्या जोडांत गंज हळूहळू धरतो. एक दिवस काच खाली होत नाही, मग दिवे, मग भर रस्त्यात बंद. आजच्या गाडीत तर एअरबॅग आणि ब्रेकसुद्धा त्या वायरींवर. मास्तरांचं काय झालं असेल? दिवाळीत फोन केला म्हणजे तेव्हाच काहीतरी सुरू झालं होतं. त्यांना त्या पगारात किती वेळा गॅरेज करावं लागलं असेल? आठवडा झाला, मी याच एका गोष्टीवर आहे. गाडी बाजूला राहिली.

तर ऐक. मला त्यांना शोधायचंय. अडतीसातून पंधरा गेले, तेवीस हजार राहतात. निदान तेवढे द्यायचेत. जास्त द्यायला हवेत हे मला कळतं, ते भेटल्यावर त्यांच्यापुढे बोलू. माझ्या पाच लाखांतून मी काढतो, तू तुझा निम्मा वाटा घाल किंवा घालू नकोस, त्यावरून मी परत भांडणार नाही. वैशूला सगळं सांगितलंय. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, आधी नाव तर शोधा. मास्तरांचं आडनाव मला आठवत नाही. पण ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० भरले तेव्हा नानांसाठी एक झेरॉक्स काढली होती. नाना कागद टाकणारे नव्हते. त्यांची पत्र्याची ट्रंक तू नाशिकला नेलीस ना?

वहिनींची बदली रद्द झाली का? ओमची दहावी आहे, त्याला उगाच ओरडू नकोस, तू दहावीला काय दिवे लावलेस ते मला पाठ आहे. कंपनीत ओव्हरटाइम अजून देतात का? ताईला माझा नमस्कार सांग.

गाडीचं म्हणशील तर शनिवारी मुलुंडला एक नियोस बघायची आहे. २०२२ ची, एकतीस हजार किलोमीटर, सगळ्या सर्व्हिस कंपनीत, बोनस कागदावर बरोबर, बोजा नाही. पाच लाख दहा हजार मागतायत, तेवीस बाजूला काढले तर माझ्याकडे चार सत्त्याहत्तर उरतात, त्यातही ट्रान्सफर आणि विमा. जमेल न जमेल. पण तू बरोबर असावास असं वाटतं. पंचवटीने ये, दादरला उतर, मी येतो घ्यायला. दुपारी दोनची वेळ ठेवलीय. चाचालाही सांगितलंय, तो जेवायलाच थांबेल. आई तुझ्यासाठी तिळाच्या वड्या काढून ठेवणार आहे, संक्रांत झाली तरी.

येताना तो कागद शोधून आण. ट्रंकेची किल्ली नाना चष्म्याच्या घरात ठेवायचे.

तुझा,
मन्या